१०३व्या रस्त्यावरच्या पोरांची रेकॉर्ड

न्यूयॉर्कच्या जो बतान या गायकाच्या 'जिप्सी वुमन' अल्बमचं टायटल साँग लावलं की पहिल्या मिनिटातच कळतं, या पोरांना कुठंतरी पोचायची घाई झालीये. पियानो एकच आकृती परत परत वाजवत सुटलाय, मागे टाळ्या पडतायत, ट्रॉम्बोन खरखरीत आवाजात मध्येच घुसतात आणि या सगळ्या धांदलीवर एक कोवळा आवाज अगदी शांतपणे इंग्रजीत गातोय. बॅंड एका गतीत आणि गाणारा दुसऱ्याच मूडमध्ये. मला आधी वाटलं हे चुकलंय बहुतेक, कुणीतरी कुणाचंतरी ऐकत नाहीये, पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर लक्षात आलं की गंमत नेमकी तिथंच आहे.

अल्बम १९६७चा, न्यूयॉर्कच्या फानिया रेकॉर्ड्सचा. फानिया तेव्हा अगदी नवी कंपनी होती, १९६४ साली जॉनी पाचेको नावाचा डॉमिनिकन वादक आणि जेरी मासुची नावाचा वकील यांनी मिळून काढलेली, आणि सुरुवातीला ते लोक गाडीच्या डिकीत रेकॉर्डी टाकून दुकानोदुकानी फिरायचे. टायटल साँग बतानचं नाही. ते शिकागोच्या इम्प्रेशन्स या गाणाऱ्या मंडळींचं, कर्टिस मेफील्डने लिहिलेलं, १९६१चं. मूळ गाणं हळुवार आहे, शेकोटीच्या उजेडात नाचणाऱ्या बाईकडे कुणीतरी दुरून बघतंय, बस एवढंच. बतानने ते उचललं आणि पळवलं. खाली मांबो या क्युबन नाचसंगीताचा वेग, आणि शेवटाकडे कोरस असा काही पेटतो की ती बाई आता दुरून बघायची राहिलेलीच नाही, सगळे तिच्यासोबत नाचतायत.

काळ्या अमेरिकनांचं सोल संगीत लॅटिन तालांवर, या प्रकाराला लॅटिन सोल म्हणतात, त्यातल्या नाचायच्या भागाला बूगलू. साल्सा हे लेबल तेव्हा अजून दुकानांत लागलेलं नव्हतं, ते पुढे सत्तरच्या दशकात फानियानेच लावून जगभर विकलं. आणि आजकाल कुणीही या रेकॉर्डबद्दल लिहिलं की पहिल्या ओळीत फ्यूजन येतंच. मला ते अजिबात पटत नाही. फ्यूजनमध्ये दोन ठिकाणचे लोक ठरवून भेटतात, तू तुझं आण मी माझं आणतो असं चालतं. इथं ठरवून भेटायचा प्रश्नच नव्हता, सगळे एकाच जिन्यात राहत होते.

तो जिना म्हणजे ईस्ट हार्लेम, तिथल्या लोकांच्या भाषेत एल बारिओ. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७पासून अमेरिकेचं नागरिकत्व आहे, त्यामुळे दुसऱ्या महायुद्धानंतर बेटावरची शेती मोडली तशी माणसं विमानात बसून हजारोंनी न्यूयॉर्कला आली आणि मॅनहॅटनच्या या ईशान्य कोपऱ्यात राहिली. पश्चिमेला चालत गेलं की काळ्या लोकांचं हार्लेम. शाळा एक, मैदान एक, भांडणंही एकत्रच. फ्रँकी लायमन आणि टीनएजर्सचं जे पहिलं गाणं १९५६ साली देशभर वाजलं ना, त्या पाच पोरांत तीन काळी आणि दोन पोर्तो रिकन होती. म्हणजे बूगलूच्या दहा वर्षं आधीच ही पोरं कोपऱ्यावर उभी राहून एकत्र गात होती, फक्त तेव्हा त्याला कुणी वेगळं नाव दिलं नव्हतं.

घरात मात्र आईवडिलांचं संगीत वेगळं. माचितो, टिटो पुएंते, टिटो रॉड्रिगेझ, मोठ्या ऑर्केस्ट्रांचा मांबो, नट्टापट्टा करून ब्रॉडवेवरच्या पॅलेडियम बॉलरूमला नाचायला जायचं. ते पॅलेडियम १९६६ला बंद पडलं. त्याच्या आधीच क्युबाशी अमेरिकेचे संबंध तुटले होते, त्यामुळे हवानाहून येणाऱ्या नव्या रेकॉर्डी, नवे वादक, नवे नाच, सगळा ओघ आटला. आणि रेडिओवर कोण तर मोटाउन कंपनीचे गायक, जेम्स ब्राउन, इम्प्रेशन्स, सगळं सोलच. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने काय वाजवायचं मग? त्याच्या एका कानात आईचा मांबो आहे आणि दुसऱ्या कानात त्याच्या मैत्रिणीला आवडणारं सोल. त्याने दोन्ही वाजवलं. त्याला त्यात काही विशेष करतोय असं वाटलंही नसेल.

बतानची स्वतःची गोष्ट तर याच्याही पुढची आहे. तो पोर्तो रिकन नव्हताच. वडील फिलिपिनो, आई आफ्रिकन अमेरिकन, जन्म १९४२चा, वाढला लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू आणि १०३व्या रस्त्याच्या आसपास. स्पॅनिश शिकला ती गल्लीत, मित्रांकडून. ड्रॅगन्स नावाच्या टोळीत होता, चोरीच्या गाडीच्या भानगडीत पंधराव्या वर्षी पकडला गेला आणि पोरांसाठीच्या कॉकसॅकी तुरुंगात गेला. पियानो तिथं शिकला. बाहेर आला तेव्हा विशीच्या सुरुवातीला होता, आणि पहिला बॅंड कसा मिळवला ते तो स्वतः मुलाखतींत सांगतो. काही लहान पोरं एके ठिकाणी प्रॅक्टिस करत होती, हा आत गेला, पियानोत सुरा रोवला आणि म्हणाला, आजपासून या बॅंडचा पुढारी मी. ती पोरं त्याच्यापेक्षा बरीच लहान, शाळकरीच. त्यांच्यासोबत त्याने हा अल्बम केला.

ही सुऱ्याची गोष्ट सगळेच सांगतात कारण ती सांगायला भारी आहे. मला मात्र पुढचं जास्त भारी वाटतं, की असा माणूस माइकसमोर उभा राहिला तेव्हा त्याने काय गायलं, तर अगदी मऊ, हळवं, जवळजवळ विनवणीच्या सुरातलं प्रेम. त्याच्या आवाजात कुठेही मी कोण आहे ते बघा असं नाही. तो फार मोठा गायक नाही. वरच्या सुरांत कधी कधी आवाज पातळ होतो, दम कमी पडतो. पण खोटं एक अक्षर नाही. कितीतरी तयारीचे गायक ऐकलेत मी जे प्रत्येक सूर बरोबर लावतात आणि त्यातल्या एकावरही विश्वास बसत नाही.

आता संगीताच्या आत जरा शिरते, कारण खरी मजा तिथं आहे.

माझा दादा साताऱ्याला असतो, तबला शिकवतो. त्याला मी हे गाणं पाठवलं आणि रविवारी फोन केला. तो पहिलंच वाक्य बोलला, "अगं, हिची सम कुठंय?" मी म्हटलं, "सम आहे दादा, पण बास तिथं येतच नाही." तो म्हणाला, "थांब, परत लावतो." मग दोघांनी इकडून तिकडून एकदमच लावायचा प्रयत्न केला, फोनवर दोन गाणी पुढंमागं वाजत होती आणि काही कळेना, शेवटी मी बंद केलं आणि नुसतं मोजून सांगितलं.

तर ते असं आहे. चार मात्रांचा एक बार धरा. सोल किंवा आर अँड बीमध्ये बासवाला, म्हणजे खर्जातल्या तारा छेडणारा, पहिल्या मात्रेवर ठाम येतो, घर तिथंच, आणि टाळ्या दोन आणि चारवर. क्युबन पद्धतीचा बास मात्र पहिली मात्रा वाजवतच नाही. तो येतो दुसरी आणि तिसरीच्या मधोमध, मग चौथीवर, आणि चौथीचा तो सूर ओढून पुढच्या बारच्या समेवरून नेतो. म्हणजे समेला सूर ऐकू येत असतो पण आघात नसतो. पाय पडायच्या आधीच जमीन पुढं सरकलेली. नाचणाऱ्याला म्हणूनच तो बास ढकलत राहतो, थांबूच देत नाही.

आणि या सगळ्याच्या वर, किंवा खाली म्हणा, क्लावे. क्लावे म्हणजे लाकडाच्या दोन आखूड दांड्या, आणि त्यांवर वाजणाऱ्या आकृतीचंही तेच नाव. दोन बार म्हणजे आठ मात्रा, त्यात पाच ठोके. पहिला एकवर, दुसरा दोन आणि तीनच्या मध्ये, तिसरा चारवर, मग सहावर आणि सातवर. झालं. बऱ्याचदा ती कुणी प्रत्यक्ष वाजवतही नाही, पण पियानो, कोंगा आणि तिम्बालेस हे ढोल, गाणारे, सगळ्यांच्या डोक्यात ती चालू असते आणि तिच्या उलट गेलं की जुने लोक लगेच तोंड वाकडं करतात.

आता त्यावर सोलच्या टाळ्या ठेवा. दोन, चार, सहा, आठ. क्लावेचे पाच ठोके आणि टाळ्या चार, त्यातले फक्त दोन ठिकाणी एकत्र येतात, चारवर आणि सहावर. बाकी सगळीकडे एकमेकांना चुकवत जातात. दादाने टेबलावर एका हाताने क्लावे धरली आणि दुसऱ्या हाताने मांडीवर टाळ्या, मला फोनवर ऐकू येत होतं, जमल्यावर म्हणाला, "च्यायला, केरव्याएवढंच आवर्तन आहे की." मग बराच वेळ नुसतं वाजवतच बसला, बोललाच नाही.

मला वाटतं या अल्बमचं सगळं गुपित त्या चार आणि सहामध्ये आहे. या पोरांनी दोन संगीतं घोटून एकजीव केली नाहीत. टाळी आपल्या जागी राहिली, क्लावे आपल्या जागी राहिली, आणि आवर्तनात दोनच ठिकाणी भेट होते, त्या भेटीवर सगळं उभं. 'टू मच लव्हिन'सारखं इंग्रजी गाणं लावून नुसत्या टाळ्यांकडे लक्ष द्या, मग परत लावून नुसत्या कोंगांकडे द्या, दोन वेगळी गाणी ऐकल्यासारखं वाटतं. लॅटिन ऑर्केस्ट्रात पाश्चात्त्य ड्रमसेट मुळात नसतो, कोंगा, तिम्बालेस, बोंगो आणि घंटा एवढ्यावर भागतं, त्यामुळे सोलचा तो दणका आणायचा तर टाळ्या आणि आरडाओरडा हाच उपाय. बूगलूच्या सगळ्या रेकॉर्डींत पार्टी चालू असल्यासारखा जो गलका ऐकू येतो त्याला हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

ट्रॉम्बोनबद्दल लिहिलं नाही तर पाप लागेल. मोठ्या मांबो ऑर्केस्ट्रांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या रांगा असायच्या, चकचकीत. एडी पाल्मिएरीने १९६१ साली ला पेर्फेक्ता हा बॅंड काढला आणि त्यात पुढं ट्रॉम्बोन बसवले, तेव्हापासून न्यूयॉर्कचा आवाजच बदलला, जाड झाला, रस्त्यावरचा झाला. बतानच्या पोरांनी तेच घेतलं. याच १९६७ साली, याच फानियावर, सतरा वर्षांच्या विली कोलोनचा पहिला अल्बम आला 'एल मालो', तोही ट्रॉम्बोनवालाच, आणि त्यातही सूर जरा इकडंतिकडं आहेत म्हणून जाणकारांनी नाकं मुरडली. 'चिकीज ट्रॉम्बोन' नावाचा एक तुकडा 'जिप्सी वुमन'मध्ये आहे. त्यात ट्रॉम्बोन ज्या मस्तीत वाजतो ती शिकवून येत नाही. सफाई कमी आहे, हो, आहेच. मी ती कमी म्हणून ऐकतच नाही. उलट सत्तरच्या दशकातल्या काही फार घासूनपुसून केलेल्या साल्सा रेकॉर्डी ऐकताना मला या पोरांची आठवण येते.

ज्येष्ठांना हे आवडलं नव्हतं. टिटो पुएंतेला बूगलू आवडायचा नाही, पाल्मिएरीलाही नाही, आणि तरी दोघांनाही काही काळ तो वाजवावा लागला कारण नाचणारी पोरं तेच मागत होती. जो क्युबा नावाच्या वादकाच्या सेक्स्टेटचं, म्हणजे सहा जणांच्या बॅंडचं, 'बँग बँग' १९६६ साली आलं होतं, आणि ते काळ्या आणि लॅटिन दोन्ही वस्त्यांत सारखंच वाजलं. दोन-तीन वर्षं हाच जमाना होता. मग एकदम ओसरलं. त्यातले काही वादक नंतर म्हणत राहिले की प्रोग्रॅम ठरवणाऱ्यांनी आणि कंपन्यांनी मिळून आम्हाला बाजूला केलं, स्वस्तात वाजवायला तयार असलेली पोरं वरचढ व्हायला लागली होती म्हणून. हे कितपत खरं यावर आजही वाद होतो. मला दिसतं ते एवढंच की पुढं साल्सा आली ती अभिमानाने स्पॅनिश बोलत आली, आणि ते त्या काळात गरजेचंही होतं, पण त्या अभिमानात इंग्रजीत गाणारी ही अर्धीमुर्धी पोरं कुठंच बसेनात. धड इकडची नाहीत धड तिकडची नाहीत म्हणून दोन्हीकडच्या इतिहासांतून ती गळाली. मला याचा खरंच राग येतो. ज्या वस्तीत लोक दोन भाषांत भांडतात, दोन भाषांत प्रेम करतात, तिथलं सर्वात प्रामाणिक संगीत दोन भाषांतलंच असणार ना?

मी न्यू जर्सीला राहते, त्यामुळे एका शनिवारी सहा नंबरची ट्रेन धरून १०३व्या रस्त्याला उतरले. लेक्सिंग्टनवर तिथं एकदम मोठा उतार आहे, मॅनहॅटन सपाट आहे असं समजणाऱ्याला धक्का बसेल असा. एक रस्ता पुढं, १०४च्या कोपऱ्यावर, चार मजली भिंतभर चित्र आहे, 'स्पिरिट ऑफ ईस्ट हार्लेम', सत्तरच्या दशकात काढलेलं. त्यात देव नाहीत, पुढारी नाहीत, गल्लीतलीच माणसं आहेत. डॉमिनो खेळणारे, खिडकीतून बघणाऱ्या बाया, वाद्यं घेतलेले लोक. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून खूप वेळ बघत होते, कानात अर्थातच बतान होता. शेजारी एक आजोबा येऊन उभे राहिले, विचारलं काय ऐकतेस, मी नाव सांगितलं. ते हसले आणि तिथंच फुटपाथवर पायाने ठेका धरून दाखवला. इंग्रजी थोडीच बोलले. मला 'ऑर्डिनरी गाय' ऐक म्हणाले, नाचायची गाणी कुणीही करतो, ते गाणं त्याचं आहे.

'ऑर्डिनरी गाय' याच अल्बममध्ये आहे. संथ, पियानोवर टेकलेलं. गाणारा सांगतोय की मी साधा माणूस, मागे काही नाही, मोठी गाडी नाही, भारी घर नाही, तू सोडून गेलीस. एवढंच आहे त्यात. इथं बास समेवर येतो, कोंगा अगदी मागे सरकतात, आणि इतका वेळ पळत असलेली ती पोरं एकदम गप्प उभी राहिल्यासारखी वाटतात. हे गाणं बतानने पुढं परत रेकॉर्ड केलं, १९७५च्या 'आफ्रोफिलिपिनो'मध्येही आहे, तिथं वाद्यमेळ मोठा, सगळं व्यवस्थित. मला पहिलंच जवळचं वाटतं. चोवीस-पंचवीस वर्षांच्या, तुरुंग बघून आलेल्या माणसाने मी साधा आहे म्हणणं, आणि त्याच्या मागे शाळकरी पोरांनी ते मन लावून वाजवणं, याच्यापुढं मला काही सुचत नाही. कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्त्यांमध्ये जुन्या गाड्या खाली बसवून हळूहळू फिरवणारे जे लोक आहेत त्यांच्यातही बतानची अशी संथ गाणी फार प्रिय आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी एल बारिओ कधी पाहिलंही नसेल.

फानिया त्याने पुढं सोडलं. १९७३ला 'साल्सोल' नावाचा अल्बम केला, ते नाव एवढं चाललं की त्यावरून आख्खी डिस्को कंपनी उभी राहिली. १९७९ला 'रॅप-ओ क्लॅप-ओ' केलं, रॅपच्या अगदी पहिल्यावहिल्या रेकॉर्डींपैकी एक, युरोपात चाललं. मग १९८१नंतर त्याने संगीत जवळजवळ सोडूनच दिलं आणि मुलांचा समुपदेशक म्हणून नोकरी धरली, ती अशा एका सुधारगृहात जिथं तो स्वतः पोरपणी राहून आला होता. २००५ साली 'कॉल माय नेम' घेऊन परत आला, स्पेनच्या एका छोट्या कंपनीवर. आवाज जाडसर झालाय पण सांगण्याची पद्धत तीच.

कुणाला ऐकायचं असेल तर माझं ऐका, सुरुवात 'जिप्सी वुमन'पासूनच करा आणि पूर्ण अल्बम एका बैठकीत ऐका. गाणी सुटी ऐकली तर इंग्रजी आणि स्पॅनिश वेगवेगळ्या डब्यांत जातात. सलग ऐकलं की 'शुगर गुआगुआन्को' आणि 'ऑर्डिनरी गाय' एकाच पोरांनी वाजवलंय हे कळतं, आणि ते कळणं महत्त्वाचं. तो अंगवळणी पडला की १९६८चा 'रायट' घ्या, त्यात बॅंड जास्त पक्का झालाय. आणि मग रे बारेत्तोचा 'अॅसिड', तोही १९६८चाच, फानियाचाच, पण तिथं कोंगावर बसलेला माणूस चाळिशीला टेकलेला, जॅझमध्ये मुरलेला, टिटो पुएंतेच्या बॅंडमध्ये तयार झालेला. तो हेच दोन ताल हातात घेतो आणि एकही मात्रा सांडू देत नाही. 'द सोल ड्रमर्स' लावा, चार आणि सहावर टाळी ठेवून बघा, नाही जमलं तर दादाचा नंबर देते.